गर्दुल्ला ते रुग्णमित्र : महाराष्ट्रातील व्यसनमुक्तीचा दोनशे वर्षांचा प्रवास

१/
'गर्द' हा मूळचा फारसी शब्द. अर्थ धूळ. १९८० च्या दशकात तपकिरी रंगाची हेरॉइनची भुकटी मुंबई-पुण्याच्या रस्त्यांवर आली आणि मराठीने तिला हेच नाव दिले. पाठोपाठ ती ओढणाऱ्यासाठीही एक शब्द तयार झाला, 'गर्दुल्ला'. हा शब्द एकदा चिकटला की माणसाचे आधीचे नाव, शिक्षण, घर, सारे पुसले जाते. आजचा धागा अशा माणसांच्या परतण्याचा आहे. व्यसनाचा इतिहास पुष्कळांनी लिहिला आहे; व्यसनातून बाहेर येण्याचा इतिहास मात्र कागदपत्रांत फार उशिरा उमटतो. तो उशिरा का उमटला, हे पाहू.

२/
हा धागा भिवंडी तालुक्यातील खारबाव येथून लिहीत आहे. दिवा-वसई लोहमार्गावरील हे खाडीपट्ट्यातील गाव. पश्चिमेस वसई, पूर्वेस यंत्रमागांची भिवंडी, खाडीपलीकडे ठाणे आणि त्याच्या दक्षिणेस मुंबई. ही भूगोलाची माहिती सुरुवातीलाच देण्याचे कारण असे, की या कथेतील बऱ्याच घटना याच परिसरात किंवा येथून काही तासांच्या अंतरावर घडल्या आहेत.

३/
आरंभ मात्र फार मागून करावा लागेल. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात 'मदात्यय' या विकारावर स्वतंत्र अध्याय आहे. त्यात एक बारकावा विलक्षण आहे. मद्य सोडलेला माणूस पुन्हा एकदम अतिमद्यपानाकडे वळला तर त्याला 'ध्वंसक' आणि 'विक्षय' असे दोन विकार जडतात, असे तेथे सांगितले आहे आणि त्यांवर उपचारही दिले आहेत. सोडणे आणि पुन्हा घसरणे ही गोष्ट वैद्याच्या कक्षेत येते, हे आपल्या परंपरेला ठाऊक होते. पुढे ही जाणीव कुठे हरवली?

४/
त्याचे एक उत्तर मुंबई बंदरात मिळते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात माळव्यातील अफू पेट्यांमध्ये भरून मुंबईमार्गे चीनला जाई. एका पेटीत सुमारे ६३ किलो अफू. कंपनी सरकारने १८३० च्या सुमारास या वाहतुकीवर परवाना शुल्क बसवले. १८४३ मध्ये सिंध जिंकल्यावर कराचीकडून जाणारी पर्यायी वाट बंद झाली आणि शुल्काचे दर वाढत गेले. जमीन महसुलाखालोखाल सरकारच्या उत्पन्नाचे जे मोठे स्रोत होते, त्यांत अफूचा समावेश होता.

५/
या व्यापारातून मुंबई घडली. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या संपत्तीत चीनशी चाललेल्या कापूस आणि अफूच्या व्यापाराचा मोठा वाटा होता, आणि त्याच संपत्तीतून १८४५ मध्ये जे. जे. रुग्णालय उभे राहिले. गोरगरिबांवर आजवर जेथे उपचार होत आले, त्या रुग्णालयाच्या पायात अफूच्या पेट्यांचाही पैसा आहे. कोणाला दोषी ठरवण्यासाठी हे सांगत नाही. त्या काळच्या हिशेबवह्यांत अफू हा माल होता आणि ती खाणारा माणूस वहीच्या बाहेर होता, इतकेच येथे लक्षात घ्यायचे आहे.

६/
अफू केवळ चीनला जात नव्हती. १८७८ च्या अफू कायद्याने देशांतर्गत विक्री परवान्याखाली आली. सरकारमान्य दुकानांतून ती मिळे. मुंबईच्या गिरणगावात तान्ह्या मुलांना 'बाळागोळी' दिली जाई. या गोळीत अफू असे. आई दहा-अकरा तास साच्यावर उभी. मूल सांभाळायला कोणी नाही. मग ते झोपून राहावे म्हणून गोळी. १९२० च्या दशकाच्या आरंभी गिरणी कामगार स्त्रियांच्या प्रसूतीविषयी झालेल्या सरकारी चौकशीत ही प्रथा किती सर्रास आहे, हे नोंदवले गेले. ही गोळी देणाऱ्या आईला व्यसनी म्हणता येत नाही आणि क्रूर तर नाहीच. नशेमागे कामाचे तास आणि एकटेपणा कसा उभा असतो, हे या उदाहरणाइतके स्पष्ट क्वचितच दिसते.

७/
आमच्या ठाणे जिल्ह्यातही महसुलाचा हाच हात पोहोचला होता. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यानंतर ताडाच्या झाडांवरील कर आणि दारूचे मक्ते यांवरून ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोठा असंतोष होता. १८९२ मध्ये तर मोहाची फुले गोळा करण्यावर व बाळगण्यावर निर्बंध घालणारा कायदा याच टापूसाठी आला. सरकारची चिंता प्यायलेल्या माणसाच्या प्रकृतीची नव्हती. घरी गाळलेल्या दारूवर कर मिळत नाही, ही ती चिंता होती.

८/
इंग्लंडमध्ये अफूविरोधी चळवळ जोर धरू लागली, तेव्हा १८९३ मध्ये लॉर्ड ब्रॅसी यांच्या अध्यक्षतेखाली शाही अफू आयोग नेमला गेला. आयोगाने हिंदुस्थानभर फिरून शेकडो साक्षी घेतल्या. १८९५ च्या अहवालाचा निष्कर्ष असा, की हिंदुस्थानात अफूचे सेवन बहुतांशी मर्यादित असून बंदीची आवश्यकता नाही. साक्षीदारांत डॉक्टर, अधिकारी, मिशनरी, जमीनदार, व्यापारी होते. 'मी अफूत बुडालो होतो आणि असा बाहेर आलो' असे सांगणाऱ्या माणसासाठी प्रश्नावलीत स्वतंत्र जागाच नव्हती.

९/
त्याच सुमारास, १८९३-९४ मध्ये, भांग-गांजा-चरस यांवरील आयोगही काम करीत होता. त्याने एक फार मोलाचे काम केले. वेड्यांच्या इस्पितळांच्या नोंदवहीत 'वेडाचे कारण' असा रकाना असे आणि त्यात वारंवार 'गांजा' लिहिलेले सापडे. आयोगाने या नोंदी मुळापासून तपासल्या. तेव्हा दिसले, की अनेक ठिकाणी कोणतीही चौकशी न करता, पोलिसांच्या कागदावरून किंवा अंदाजानेच कारण भरले गेले होते. रकाना मोकळा राहू नये, म्हणून एक शब्द.

१०/
इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथे थांबावे. संख्याशास्त्राच्या तक्त्यात 'गांजामुळे वेड' असा आकडा दिसतो. त्या आकड्यामागे एक थकलेला कारकून आणि एक रिकामा रकाना असू शकतो. आणि जो माणूस बरा होऊन इस्पितळातून घरी गेला, त्याचे पुढे काय झाले? वही तेथेच संपते. शंभर वर्षांच्या दप्तरात व्यसनी माणूस आपल्याला महसुलाचा ग्राहक म्हणून भेटतो, नोंदवहीतील ओळ म्हणून भेटतो. घरी परतलेला, कामाला लागलेला माणूस म्हणून जवळजवळ भेटतच नाही.

११/
स्वातंत्र्यानंतर भूमिका बदलली. १९४९ मध्ये मुंबई राज्याचा दारूबंदी कायदा आला. त्याच वर्षी अखिल भारतीय अफू परिषदेने औषधाव्यतिरिक्त अफूचा वापर दहा वर्षांत संपवण्याचे ठरवले आणि १९५९ पासून अशी विक्री थांबली. जुन्या सेवनकर्त्यांची नोंदणी करून वैद्यकीय कारणास्तव त्यांना ठरावीक अफू मिळे. महसुलाची जागा आता परवान्याने आणि दंडाने घेतली. हेतू नि:संशय उदात्त होता. पण सोडायचे कसे आणि सोडल्यावर जगायचे कसे, याचे उत्तर कायद्याच्या कलमांत नव्हते.

१२/
ते उत्तर एका अनपेक्षित जागी सापडले होते. १९३५ मध्ये अमेरिकेतील अ‍ॅक्रन या गावी बिल विल्सन हा शेअर बाजारातील दलाल कामानिमित्त आला होता. काही महिने त्याने दारू सोडलेली होती, पण त्या दिवसांत पुन्हा पिण्याची ओढ अनावर झाली. त्याने एका मद्यासक्त शल्यचिकित्सकाची, डॉ. बॉब स्मिथ यांची गाठ घेतली आणि दोघे तासन्‌तास बोलत बसले. त्यातून विल्सनला उमगले, की दुसऱ्या मद्यपीला मदत करण्याने आपण स्वत: सावरलेले राहतो. 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस'चा जन्म या भेटीतून झाला. १९५७ मध्ये ही चळवळ मुंबईत पोहोचली.

१३/
या घटनेचे ऐतिहासिक महत्त्व काय? व्यसनी माणसाचे स्वत:चे कथन हेच उपचाराचे साधन बनले. अफू आयोगाने ज्याला साक्षीला बोलावण्याचा विचार केला नव्हता, तो येथे मुख्य साक्षीदार झाला. बैठकीत तो उभा राहतो, आपले नाव सांगतो, आपली गोष्ट सांगतो. ऐकणाऱ्यांतील प्रत्येकाला ती आपलीच वाटते.

१४/
वैद्यकाची भाषाही बदलत होती. १९६४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीने जुन्या संज्ञांऐवजी 'अवलंबित्व' ही संज्ञा सुचवली. पुढे व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या अमेरिकी सैनिकांचा ली रॉबिन्स या संशोधिकेने अभ्यास केला. युद्धभूमीवर सुमारे एक पंचमांश सैनिक अफूजन्य पदार्थांच्या आहारी गेले होते. मायदेशी परतल्यावर पहिल्या वर्षात त्यांपैकी अगदी थोडे, शंभरात सुमारे पाच, पुन्हा त्याच अवस्थेत गेले. पदार्थ तोच आणि शरीरेही तीच. आजूबाजूचे जग मात्र बदलले होते. 'एकदा गर्दुल्ला, तो कायमचा गर्दुल्ला' या समजुतीला बसलेला हा मोठा धक्का होता.

१५/
आता पुन्हा मुंबईकडे येऊ. १९७९ मध्ये इराणमध्ये क्रांती झाली, वर्षअखेरीस सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या आणि त्या प्रदेशातील अफूच्या चोरट्या वाटा बदलल्या. १९८० च्या दशकाच्या आरंभी स्वस्त, अर्धवट शुद्ध केलेले हेरॉइन मुंबईच्या गल्ल्यांत मिळू लागले. पन्नीवर भुकटी, खाली काडी, वर नळी. त्याच काळात, १८ जानेवारी १९८२ रोजी, डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. गिरण्या पूर्वपदावर आल्याच नाहीत आणि कापडाचे बरेच काम भिवंडीच्या यंत्रमागांकडे सरकले. गर्द आली ती अशा हादरलेल्या शहरात.

१६/
राज्ययंत्रणेचे उत्तर कायद्याचे होते. १४ नोव्हेंबर १९८५ रोजी अमली पदार्थांविषयीचा नवा केंद्रीय कायदा लागू झाला. त्यात कठोर शिक्षा आहेत, सेवनालाही शिक्षा आहे. परंतु याच कायद्यात दुसरा धागाही आहे. कलम ७१ सरकारला उपचार केंद्रे उभारण्याचा अधिकार देते. कलम ३९ न्यायालयाला व्यसनाधीन दोषीस उपचारांसाठी सोडण्याची मुभा देते. १९८९ मध्ये घातलेले कलम ६४-अ स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनाधीनास खटल्यापासून संरक्षण देते. त्याला २००१ च्या दुरुस्तीने नवे रूप मिळाले. ही कलमे आपल्याकडे फारच थोड्यांना ठाऊक असतात.

१७/
समाजाचे उत्तर याआधीच सुरू झाले होते. १९८१ मध्ये फादर ज्यो परेरा यांनी वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चच्या आवारात 'कृपा फाउंडेशन' सुरू केले. ते बी. के. एस. अय्यंगार यांचे शिष्य. बारा पायऱ्यांच्या पद्धतीला त्यांनी योगाभ्यासाची जोड दिली. चर्चची जागा, अमेरिकेतून आलेली पद्धत आणि पुण्याच्या गुरूची आसने, असा हा मुंबईचाच म्हणावा असा संगम. पुढे वसईतही कृपाचे केंद्र झाले; खारबावहून रेल्वेने गेल्यास मध्ये कामण रोड आणि जूचंद्र, मग वसई रोड.

१८/
आणि मग पुणे. डॉ. अनिता अवचट, म्हणजे आपल्यातील अनेकांना लेखनातून परिचित असलेल्या सुनंदा, येरवड्याच्या मनोरुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ होत्या. त्यांचे पती अनिल अवचट यांनी गर्दच्या आहारी गेलेल्या मुलांना भेटून, त्यांच्याशी बोलून लेखन केले. 'गर्द' हे पुस्तक त्यातून आले. ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले आणि त्यांनी मदतीचा हात पुढे केला. २९ ऑगस्ट १९८६ रोजी मनोरुग्णालयाच्याच आवारात 'मुक्तांगण' सुरू झाले.

१९/
मागे नोंदवहीतील रकाना पाहिला, तो येथे आठवावा. एका शतकापूर्वी जेथे 'कारण : गांजा' एवढेच लिहून वही मिटली जाई, तशाच एका संस्थेच्या आवारात आता 'तू कोण, तुझ्या घरी कोण, पहिल्यांदा कधी घेतलीस, सोडावीशी का वाटली' असे प्रश्न विचारले जाऊ लागले. येथे उपचार घेणाऱ्यास 'रुग्णमित्र' म्हणतात. 'गर्दुल्ला' आणि 'रुग्णमित्र' हे दोन्ही शब्द एकाच दशकात मराठीत रुळले, ही गोष्ट भाषेच्या इतिहासात नोंदवण्याजोगी आहे.

२०/
मुक्तांगणचा निवासी उपचार ३५ दिवसांचा. गर्द बंद केल्यावर अंग मोडून येणे, थंडी, जुलाब, निद्रानाश सुरू होतो. व्यसनींच्या बोलीत याला 'टर्की' म्हणतात. हा शारीरिक त्रास साधारण आठवडा-दहा दिवसांत ओसरतो. मग उरलेले दिवस कशासाठी? तर पहाटे उठणे, व्यायाम, आपल्या वाटणीची कामे, गटचर्चा, आपल्या आयुष्याचा हिशेब स्वत: मांडणे, यांसाठी. विष शरीरातून लवकर उतरते. वेळेवर जेवण्याची, खरे बोलण्याची आणि रिकामी संध्याकाळ सहन करण्याची सवय पुन्हा लागायला फार वेळ लागतो.

२१/
दुसरी महत्त्वाची गोष्ट कुटुंबाची. व्यसनाधीनाच्या पत्नीने वर्षानुवर्षे घर ओढलेले असते, खोटे बोलून अब्रू सांभाळलेली असते. तिच्यासाठी मुक्तांगणने 'सहचरी' हा गट चालवला. नवरा सुधारला म्हणजे तिचा संताप आपोआप निवतो, हा आपला सोयीचा समज आहे. तिलाही बोलायला जागा लागते, सावरायला वेळ लागतो. पुढे व्यसनाधीन स्त्रियांसाठी 'निशिगंध' हा स्वतंत्र विभागही उभा राहिला. स्त्रियांचे व्यसन समाज मान्यच करत नाही, त्यामुळे त्यांचा परतीचा रस्ता अधिक अंधारा असतो.

२२/
१९९७ मध्ये कर्करोगाने डॉ. अनिता अवचट यांचे निधन झाले. आजारपणातही त्या काम करीत राहिल्या होत्या. पुढे त्यांची कन्या मुक्ता पुणतांबेकर यांनी संस्थेची धुरा घेतली. अनिल अवचट २०२२ मध्ये गेले. संस्था टिकली, त्यामागे कुटुंबाच्या निष्ठेबरोबर आणखी एक कारण आहे. येथून बरे झालेले अनेक जण पुढे येथेच कार्यकर्ते आणि समुपदेशक झाले. व्यसनमुक्तीचा वाढदिवस येथे साजरा होतो. एक वर्ष, पाच वर्षे, वीस वर्षे. नव्याने आलेल्या, अजून हातपाय कापणाऱ्या मुलाला तो सोहळा पाहायला मिळतो. अ‍ॅक्रनमधील १९३५ ची ती भेट येथे रोज मराठीत घडत असते.

२३/
मार्ग एकच नाही, हेही नोंदवायला हवे. १९९० च्या दशकात सुईने नशा करणाऱ्यांत एचआयव्हीचा संसर्ग पसरू लागला, तेव्हा मुंबईत 'संकल्प' या संस्थेने रस्त्यावरच्या व्यसनाधीनांसाठी वेगळी वाट धरली. आज सोडता येत नसेल तर निदान जीव वाचू दे. स्वच्छ सुई घे, जखम धुऊन घे, ब्युप्रेनॉर्फिनसारखे पर्यायी औषध वैद्यकीय देखरेखीखाली घे. काहींना हे व्यसनाशी केलेले संगनमत वाटले. परंतु मेलेल्या माणसाला व्यसनमुक्त करता येत नाही. पुढे राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमानेही पर्यायी औषधोपचार स्वीकारला.

२४/
या सर्व इतिहासात सर्वांत कमी लिहिले गेलेले प्रकरण आहे ३६ व्या दिवसाचे. केंद्रातून माणूस घरी येतो तो दिवस. महानगरात तो चाळ बदलू शकतो. खारबावसारख्या गावात ते शक्य नसते. येथे सगळे सगळ्यांना ओळखतात. कोणी कधी कोणाच्या घरातील भांडी विकली, कोण कोठे पडला होता, हे सारे पंचक्रोशीच्या स्मरणात राहते. गावाची स्मृती ही इतिहासाच्या अभ्यासकाला अमूल्य वाटते. परतून आलेल्या माणसाला तीच भिंतीसारखी आडवी येते. आणि तरीही, विचारपूस करणारी काकू, कामाला सोबत नेणारा चुलतभाऊ, भजनात किंवा क्रिकेटच्या संघात जागा करून देणारे सोबती, हे सारे गावातच मिळतात. व्हिएतनामहून परतलेल्यांना जे बदललेले जग मिळाले, ते येथे माणसांनीच बदलून द्यावे लागते.

२५/
पुन्हा घसरणे हा या प्रवासाचा नेहमीचा भाग आहे. मधुमेह किंवा दमा उलटला तर आपण रुग्णाला 'नालायक' म्हणत नाही. चरकांनीही घसरलेल्यास विकारांच्या यादीत ठेवले, पाप्यांच्या नव्हे. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा केंद्रात जाणारा माणूस हरलेला नसतो. तो अजून प्रयत्न करत असतो. कोणाला मदत हवी असेल तर केंद्र सरकारची व्यसनमुक्ती साहाय्यवाहिनी १४४४६ हा क्रमांक नि:शुल्क आहे.

२६/
शेवटी मित्रांनो, एक अभ्यासाची विनंती. आपण मोडी वाचतो, जुने गॅझेटियर धुंडाळतो, किल्ल्यांची मोजमापे घेतो. आपल्या गावातील बरे झालेल्या माणसांची कथनेही इतिहासाची साधने आहेत. त्यांची संमती घेऊन, नाव गुप्त ठेवून, ती ऐका आणि लिहून ठेवा. अफूच्या पेट्या किती गेल्या, हे आपल्याला पेटीनिशी मोजता येते, कारण कोणीतरी ते लिहिले होते. किती माणसे परत आली, हे लिहिण्याचे काम मात्र अजून पुष्कळ बाकी आहे.